क्रीटला जायचं, पण कोणत्या महिन्यात? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीसच्या क्रीट बेटावर कधी जावं असं विचारलं की "मे-जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर" हे उत्तर लगेच मिळतं. उत्तर बरोबरच आहे, फक्त ते बहुतेकदा युरोपात राहणाऱ्या, तीन-चार तासांत विमानाने पोचणाऱ्या आणि आठवडाभर वाळूवर पडून राहणाऱ्या माणसाच्या सोयीचं असतं. व्हिसा काढून, मुलांची शाळा सांभाळून, कधी आईवडिलांना सोबत घेऊन मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याला ते अर्धंच उपयोगी पडतं. शिवाय क्रीट हे दोन दिवसांत उरकणारं बेट नाही. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आणि मधोमध जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीचे डोंगर. एकाच दिवशी एका किनाऱ्यावर लोक पोहत असतात आणि दुसऱ्या किनाऱ्यावर वाऱ्यामुळे बोटी बंद असतात. त्यामुळे महिना सगळ्यांत शेवटी ठरवायचा, आणि त्याआधीच्या पायऱ्या या.

पहिली पायरी: आपला पावसाळा डोक्यातून काढा

भूमध्य समुद्रात पाऊस आणि थंडी एकत्र येतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने, तर जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे. इराक्लिओ (नकाशावर हेराक्लिऑन) या राजधानीच्या शहरात वर्षभरात साधारण ५०० मिलीमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. म्हणजे तिथला "पावसाळी महिना" म्हणजे संततधार नव्हे. दोन दिवस पाऊस-वारा, मग दोन दिवस लख्ख ऊन, असा तो असतो.

याचा एक परिणाम आपल्या लोकांना हमखास चकवतो. फोटोत पाहिलेलं हिरवंगार, फुलांनी भरलेलं क्रीट मार्च-एप्रिलचं असतं. ऑगस्टमध्ये गेलात तर डोंगर पिवळे-करडे, गवत वाळलेलं, हिरवं म्हणाल तर ऑलिव्हची झाडं आणि द्राक्षमळे तेवढे. आपल्याकडे ज्या काळात सह्याद्री हिरवा होतो नेमक्या त्या काळात क्रीट सर्वांत रखरखीत असतं. हिरवाई बघायची असेल तर उन्हाळा टाळा, पोहायचं असेल तर हिरवाईचा मोह सोडा. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा, एवढीच एक फट आहे.

दुसरी पायरी: बेटाचा कोणता भाग, ते ठरवा

पश्चिमेला हानिया शहर (नकाशावर चानिया), मध्ये रेथिम्नो आणि इराक्लिओ, पूर्वेला आयिओस निकोलाओस आणि सितिया. ही सगळी उत्तर किनाऱ्यावर आहेत. दक्षिण किनारा लिबियाच्या समुद्राकडे तोंड करून आहे आणि तिथे इएरापेत्रा सोडलं तर बहुतेक लहान गावंच आहेत.

पावसाळी ढग मुख्यतः पश्चिमेकडून येतात आणि हानियामागच्या लेफ्का ओरी म्हणजे पांढऱ्या डोंगरांना अडतात. महाबळेश्वरहून वाईला उतरलं की पाऊस जसा गळून पडतो, तसाच तो इथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना कमी होत जातो. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जाणार असाल आणि पावसाची धास्ती असेल, तर मुक्काम पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवणं शहाणपणाचं. इएरापेत्राच्या आसपास टोमॅटो-काकडीची हरितगृहं मैलोनमैल पसरलेली दिसतात, ती तिथल्या उबदार हिवाळ्यामुळेच. दिसायला अजिबात सुंदर नाहीत, हे आधीच सांगतो.

आता वारा. माझ्या मते क्रीटचा महिना निवडताना तापमानापेक्षा वाऱ्याचा विचार जास्त करावा, पण नवखा माणूस फक्त तापमानाचा तक्ता बघतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावरून उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो, कधी कधी सलग कित्येक दिवस. आकाश निरभ्र, ऊन कडक, तरी उत्तर किनाऱ्यावर लाल बावटा आणि पोहायला मनाई. त्याच वाऱ्यामुळे इराक्लिओतली दुपार सुसह्यही होते, हे त्याचं पुण्य. अशा दिवशी लोक डोंगर ओलांडून दक्षिणेला जातात, कारण तिथे समुद्र बहुधा शांत असतो. "बहुधा" म्हणायचं कारण असं की काही दऱ्यांच्या तोंडाशी तोच वारा डोंगरावरून खाली कोसळतो आणि वाळूचे सपके मारतो. प्लाकियास हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

दुसरा वारा दक्षिणेचा, म्हणजे आफ्रिकेकडून येणारा. तो मुख्यतः वसंतात येतो आणि सोबत सहाराची धूळ आणतो. मार्च २०१८ मध्ये अख्खं क्रीट तांबडं-नारिंगी झालं होतं. असे दिवस थोडे असतात, पण दम्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर मार्च-एप्रिल निवडताना हे लक्षात ठेवा आणि औषधं हाताशी ठेवा.

तिसरी पायरी: मुख्य काम एकच निवडा

"सगळंच बघायचं आहे" असं म्हणणाऱ्याला कुठलाच महिना पुरा पडत नाही. एक गोष्ट मुख्य धरा, बाकीच्या तिच्यामागून येतील.

समुद्रात डुंबणं हेच मुख्य असेल, तर हवेचं तापमान विसरा आणि पाण्याचं बघा. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी सुमारे १६ अंशांवर असतं, मेमध्ये १९-२०, जूनमध्ये २२-२३, ऑगस्टमध्ये २५-२६. सप्टेंबरात जेमतेम अंशभर उतरतं आणि ऑक्टोबरातही २३च्या आसपास राहतं. म्हणजे ऑक्टोबरचं पाणी मेपेक्षा कितीतरी उबदार. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेल्याला मेमधलं क्रीटचं पाणी चांगलंच झोंबतं. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन लोक त्यात मजेत पोहताना दिसतील, त्यांच्याकडे बघून मुलांना आत ढकलू नका. लहान मुलं घेऊन पाण्यासाठीच जायचं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर, आणि त्यातही सप्टेंबर. मेल्तेमीचा जोर तोवर ओसरलेला असतो.

याच पांढऱ्या डोंगरांतली सामारियाची घळ चालायची असेल, तर तुमच्या हातात मे ते ऑक्टोबर एवढेच महिने आहेत. हा १९६२ पासूनचा राष्ट्रीय उद्यानाचा भाग. साधारण १ मेला उघडतो आणि ऑक्टोबरअखेर बंद होतो. पाऊस आला, दरडी पडण्याचा धोका वाटला किंवा उष्णतेची लाट आली तर मधल्या दिवसांतही दार बंद ठेवतात. सुरुवात ओमालोसच्या पठाराजवळ, सुमारे १,२३० मीटर उंचीवर. तिथून सोळा किलोमीटर खाली उतरत थेट समुद्राशी, आयिआ रूमेली गावात. चालायला पाच ते सात तास. गावाला रस्ता नाही, त्यामुळे पुढे बोटीने सूगिया किंवा होरा स्फाकिओनला जायचं आणि तिथून बसने परत. सगळा उतार आहे म्हणून सोपं वाटतं, पण सोळा किलोमीटर दगडगोट्यांचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना त्याचं काही विशेष वाटणार नाही. घरच्या ज्येष्ठांना मात्र नेऊ नका. मेच्या पहिल्या आठवड्यात ओढ्याला पाणी असतं, कडेला फुलं असतात, आणि मागे वळून बघितलं तर शिखरांवर बर्फ. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेची पहिली बस पकडूनही शेवटचे तीन किलोमीटर, जिथे सावली संपते, ते भाजून काढतात. सामारियासाठी माझं मत मे किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. आणि एक दिवस राखीव ठेवा, कारण दार उघडं आहे की बंद हे आयत्या वेळी कळतं.

प्राचीन अवशेष बघायचे असतील तर महिन्याइतकीच वेळही महत्त्वाची. इराक्लिओपासून पाच किलोमीटरवरचं क्नोसोस, मिनोअन या क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीचा तो राजवाडा, ज्याचं मोठं उत्खनन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये सुरू केलं, जवळजवळ सगळा उघड्यावर आहे. जुलैच्या दुपारी तिथे उभं राहणं ही शिक्षाच. फेब्रुवारीत तेच ठिकाण निवांत असतं. हिवाळ्यात अवशेषांच्या वेळा मात्र आखडतात, त्यामुळे सकाळी क्नोसोस आणि दुपारी शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय असा क्रम ठेवा. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ईस्टरचा रविवार, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी सरकारी अवशेष आणि संग्रहालयं बंद असतात. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून निघणाऱ्यांनी १ मेवर आधीच फुली मारावी.

खाणंपिणं आणि गावचं जगणं हे मुख्य असेल, तर गर्दीचे महिने सोडूनच द्या. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर गावोगावी त्सिकुदिया गाळण्याच्या भट्ट्या पेटतात. वाइनसाठी द्राक्षं चिरडल्यावर उरलेल्या चोथ्यापासून ही दारू गाळतात, भट्टीभोवती शेजारीपाजारी जमतात, बटाटे आणि मांस निखाऱ्यांवर भाजलं जातं. नोव्हेंबर ते जानेवारी ऑलिव्हची काढणी. झाडाखाली जाळ्या अंथरलेल्या, रस्त्यात पोती भरलेले पिकअप, आणि गिरणीतून नुकतं आलेलं हिरवट, घशाला किंचित खवखवणारं तेल. हे ऑगस्टात कुठेच मिळत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक खास काळ सांगून ठेवतो. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधीचे सुमारे सात आठवडे उपासाचे असतात. त्या काळात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य, त्यामुळे खानावळींत डाळी, वाल, रानभाज्या, भात भरलेले टोमॅटो असे पदार्थ भरपूर. "निस्तीसिमो" म्हणजे उपासाचं, एवढा एक शब्द पाठ करा. फक्त शिंपले, कोळंबी आणि माकूल त्यांच्या उपासाला चालतात, तेव्हा तेवढं विचारून घ्या. एरवीही दाकोस, म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, चीज आणि तेल, हा पदार्थ वर्षभर तुम्हाला उपाशी राहू देणार नाही.

चौथी पायरी: काय उघडं, काय बंद

समुद्रकाठच्या रिसॉर्ट गावांचं दुकान एप्रिलमध्ये हळूहळू उघडतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी मिटतं. नोव्हेंबरात तिथे गेलात तर खुर्च्या उलट्या रचून ठेवलेल्या आणि कुत्री तेवढी जागी. याउलट इराक्लिओ, हानिया, रेथिम्नो ही वर्षभर जगणारी शहरं आहेत. तिथे हिवाळ्यात उलट स्थानिक लोक हॉटेलात दिसतात. कुष्ठरोग्यांची वसाहत म्हणून १९०३ ते १९५७ पर्यंत वापरात असलेलं स्पिनालोंगा बेट, बालोसची उथळ निळी खाडी, दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांमधल्या बोटी, या सगळ्या फेऱ्या हंगामात नियमित असतात, बाहेर विरळ किंवा बंद. केतेल नावाची बससेवा उत्तर किनाऱ्यावर वर्षभर चांगली आहे, पण दक्षिणेकडच्या फेऱ्या हिवाळ्यात खूप कमी होतात.

म्हणजे हिवाळ्यात गाडी भाड्याने घ्यावीच लागते. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आधी काढा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे, घाट अरुंद आहेत आणि मेंढ्यांना वाहतुकीचे नियम माहीत नाहीत.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी विमानांचाही हंगाम लक्षात घ्यावा. जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटनमधून इराक्लिओ आणि हानियाला थेट येणारी बहुतेक विमानं एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात असतात. हिवाळ्यात अथेन्समार्गे. महाराष्ट्रातून येणाऱ्याला तसंही कुठेतरी विमान बदलावंच लागतं. अथेन्सला पोचल्यावर तिथल्या पिरेयस बंदरातून रात्रीच्या मोठ्या फेरीबोटीने सकाळी क्रीटला उतरण्याचा पर्याय वर्षभर आहे, आणि एका रात्रीचं हॉटेल त्यात वाचतं.

पाचवी पायरी: आपल्या सुट्ट्यांशी जुळवा

मे महिन्याची सुट्टी आपल्याला क्रीटसाठी जवळजवळ मुद्दाम दिल्यासारखी आहे. इकडे उकाडा टिपेला, तिकडे दिवसा पंचविशीच्या आतबाहेर, संध्याकाळी हलका स्वेटर. गर्दी अजून भरलेली नसते, दर ऑगस्टपेक्षा कमी असतात, घळ उघडलेली असते. पोहणं तेवढं बेताचं. मुलांची शाळा जूनच्या मध्याला उघडत असेल तर सहल मेच्या शेवटी ढकला, पाणी तेवढंच सुधारतं.

ईस्टरची तारीख पाहूनच मेची तिकिटं काढा. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवरच्या गुड फ्रायडेशी दर वेळी जुळत नाही. २०२६ मध्ये तो १२ एप्रिलला आहे, २०२७ मध्ये थेट २ मेला. म्हणजे २०२७ च्या मे सुट्टीत जाणाऱ्याला शुक्रवारची फुलांनी सजवलेल्या प्रतीकात्मक तिरडीची मिरवणूक आणि शनिवारी मध्यरात्री चर्चबाहेर हजारो मेणबत्त्या बघायला मिळतील. त्या दिवसांत अथेन्सकरही गावी येतात, बोटी आणि विमानं भरतात, आणि रविवार-सोमवारी बरीच दुकानं बंद असतात. बघण्यासारखं आहे, पण नियोजन लवकर हवं.

दिवाळीचं गणित जरा नाजूक आहे. लक्ष्मीपूजन २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर हंगामाचं शेपूट हाती लागतं: पाणी उबदार, गर्दी गेलेली, हॉटेलं अजून उघडी. नोव्हेंबरमध्ये आली तर समुद्रकाठचा बेत सोडा आणि शहरं, डोंगरगावं, भट्ट्या, संग्रहालयं असा बेत आखा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेपाचलाच सूर्य मावळतो, हेही धरा. ८ नोव्हेंबरच्या सुमारास रेथिम्नोजवळच्या आर्काडी मठात १८६६ च्या उठावाचा स्मरणदिन पाळतात. ऑटोमन सैन्याने वेढल्यावर आत अडकलेल्यांनी दारूगोळ्याचं कोठार पेटवून शेकडो माणसांनिशी मठ उडवून दिला होता. क्रीटच्या माणसाला समजून घ्यायचं असेल तर हा मठ कुठल्याही किनाऱ्याहून मोलाचा आहे.

नाताळात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. दिवसा १५ अंश, रात्री ८-९, आपल्या नाशिकच्या थंडीसारखीच हवा, फक्त ओली. पण पहिल्याच खेपेला आणि मुलांसोबत जात असाल तर मला तो पर्याय पटत नाही.

जुलै-ऑगस्ट मी शक्यतो टाळायला सांगेन. दर सर्वाधिक, १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाला अर्धं ग्रीस सुट्टीवर, आणि उष्णतेच्या लाटेत तापमान चाळिशीला जाऊ शकतं. जुलै २०२५ च्या सुरुवातीला इएरापेत्राजवळ वणवा लागून हजारो लोकांना हलवावं लागलं होतं. नाइलाजाने याच काळात जायचं असेल तर फोनवर ११२ क्रमांकाच्या आपत्कालीन सूचना चालू ठेवा आणि दुपारी बारा ते पाच घरात बसा. स्थानिक लोक तेच करतात.

सहावी पायरी: तारखेपासून उलट मोजा

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका. मेमध्ये जायचं तर अर्जाची वेळ जानेवारी-फेब्रुवारीतच मिळवा, कारण मार्च-एप्रिलमध्ये युरोपला निघालेले सगळेच रांगेत असतात. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं. हॉटेल बुकिंग रद्द करता येण्याजोगं घ्या, व्हिसा हातात आला की पक्कं करा.

हॉटेलच्या दरात न दिसणारा एक खर्च म्हणजे खोलीमागे रोज आकारला जाणारा सरकारी हवामान कर. हॉटेलच्या दर्जानुसार तो वाढतो, आणि एप्रिल ते ऑक्टोबर या काळात हिवाळ्यापेक्षा बराच जास्त असतो. बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो, तेव्हा दोन खोल्या आणि दहा रात्री असतील तर हिशेबात धरा.

शेवटची रात्र कुठल्याही महिन्यात दक्षिण किनाऱ्यावर किंवा मोटाररस्ता नसलेल्या, बोटीवर अवलंबून असलेल्या लुत्रोसारख्या गावात ठेवू नका. वारा सुटला की बोट बंद होते आणि तिकीट वाया जातं. परतीचं विमान जिथून आहे, हानिया किंवा इराक्लिओ, त्याच शहरात आदल्या दुपारपर्यंत येऊन थांबा. बाजारात तेल, मध आणि वाळवलेला रानओवा (ओरेगानो) घ्यायला तेवढी संध्याकाळ पुरते. तेलाचे डबे मात्र चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या सामानात चालत नाहीत.